उशिराची उत्तरं

१

सूर्य काढायचं काम माझ्याकडे होतं.

म्हणजे कागदावर. सकाळचा चहा झाला की मी पुढच्या खोलीची खिडकी लावून घ्यायची. खिडकीच्या फळीला भोक पाडून त्यात एक छोटी दुर्बीण बसवलेली होती. तिच्यातून सूर्याचं बिंब ताटाएवढं होऊन समोरच्या पांढऱ्या कागदावर पडायचं, आणि त्याच्यावर जे काळे डाग दिसतील ते मी पेन्सिलीनं गिरवायची. इंटर सायन्सपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं एक काम मिळालं होतं, तेही बिनपगारी. चूल, भांडी आणि सूर्य! माझ्या आईला वाटायचं, जावई मोठ्या हुद्द्यावर आहेत. ती एकदा येऊन बघती तर पाणी कुठून आणावं लागतं ते पाहूनच मला माघारी घेऊन गेली असती.

पारनेर ओलांडलं की एक उघडा माळ लागतो. त्या माळावर लढाईच्या दिवसांत लष्करानं दोन खोल्यांची एक दगडी इमारत उभी केली होती. लढाई संपली, लष्कर गेलं, आणि पुण्याच्या एका संशोधन योजनेनं ती जागा घेऊन ह्यांना तिथं नेमलं. हे लढाईत बिनतारी संदेशांवर होते. नेमणुकीच्या कागदावर 'नृसिंह वामन राशिनकर, निरीक्षक' असं टाइप केलेलं होतं. आता सगळ्या माळावर निरीक्षण करायला आम्ही दोघं आणि सरडे. निरीक्षक कसले, राखणदार म्हणा, असं मी चिडवायची. हे हसायचे. फार लवकर हसू यायचं ह्यांना. माझं वाक्य पुरतं व्हायच्या आत.

ह्यांचं काम मागच्या खोलीत. तिथं एक मोठं रेडिओयंत्र, बॅटऱ्या, आणि पुण्याला बिनतारी संदेश पाठवायला तारेची कळ. दुपारभर हेडफोन लावून दूरदेशच्या केंद्रांचा आवाज किती जोरात येतो ते काट्यावर बघून लिहायचं. लग्न झाल्यावर मी विचारलं होतं, ह्यात संशोधन कुठंय? तर म्हणाले, आपल्या डोक्यावर, हवेच्याही वर विजेचा एक थर असतो. दूरचे आवाज त्याच्यावर आपटून खाली येतात, म्हणून लंडनचं बोलणं पारनेरात ऐकू येतं. पण सूर्यावर मोठा भडका उडाला की हा थर बिघडतो. आवाज परत पाठवायचं सोडून गिळायला लागतो. मग सगळी केंद्रं एकदम बंद. थोड्या वेळानं आपोआप सुरू. हे दिवसाच होतं, सूर्य डोक्यावर असताना. त्याला हे 'बधिर होणं' म्हणायचे.

मी डाग काढायची, हे बधिर होणं टिपायचे, आणि कुठल्या डागानं किती बधिर केलं ते पुण्याचे लोक जुळवायचे. असा आमचा संसार. सत्तेचाळीस सालचा शिमगा होईपर्यंत त्यात काही वावगं नव्हतं.

२

शिमग्यानंतर सूर्याच्या कडेवरून एक भला मोठा डाग वर आला. एक कसला, डागांच्या झुंडीच्या झुंडी. माझी पेन्सिल पुरेना. हे खूश झाले. "आता बघ," म्हणाले, "आता मजा आहे."

ह्यांची मजा म्हणजे काही न ऐकू येणं!

दोन दिवसांनी भर दुपारची गोष्ट. मी पिठलं उतरवलं, भाकऱ्या झाल्या होत्या, आणि ह्यांना जेवायला बोलवायला मागच्या खोलीकडे गेले. मागच्या खोलीतून एरवी सतत खरखर यायची. दाराशी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की खरखर थांबली आहे. बधिर झालं की असंच व्हायचं, त्याची सवय होती. पण त्या शांततेत तारेची कळ वाजत होती. कट्ट कडकट्ट, कट्ट कडकट्ट. हे कुणाला तरी उत्तर पाठवत होते.

"अहो, सगळं मेलंय ना? मग कुणाशी बोलताय?"

कळ थांबली. ह्यांनी वळून बघितलं नाही. मी जवळ गेले. डोळे उघडे, समोरच्या भिंतीकडे. हात कळीवर तसाच. मी खांदा हलवला, मग जोरात हलवला. अंग गरम होतं, श्वास चालू होता, पण आत कुणी नव्हतं. दुसरा शब्द मला त्या वेळी सुचला नाही आणि आजही सुचत नाही.

"अहो, काय ही थट्टा! मला नाही आवडत असलं काही."

मी रडायच्या बेताला आले होते, तेवढ्यात रेडिओची खरखर पुन्हा सुरू झाली. ह्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जेवायचं ना?"

जेवताना सांगितलं. सगळी केंद्रं गेल्यावर त्या गप्प झालेल्या रेडिओवर कुणीतरी हाक देत होतं. सरसकट हाक. म्हणजे कुणा एकाचं नाव घेऊन नव्हे. कुणीही ऐकत असाल तर उत्तर द्या, अशी. तारवाल्यांमध्ये तिची एक ठरीव खूण असते. ती ऐकली की हात आपोआप कळीवर जातो. लढाईत तर असल्या हाकेवर माणसं वाचलेली ह्यांनी पाहिली होती.

"पण बधिर झालेलं असताना ती आली कुठून?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला, चावून गिळला, आणि मग म्हणाले, "तेच तर."

मला वाटलं, विचार करून बोलताहेत.

३

विचार करून बोलणारा माणूस नव्हता हो हा. फटकन बोलणारा होता. म्हणून तर आमची भांडणं रंगायची.

आता मी काही विचारलं की मधे एक पोकळी पडायला लागली. मीठ बरोबर आहे का? पोकळी. आहे. पुण्याला पत्र टाकलं का? पोकळी. टाकलं. आधी वाटलं, रुसलेत. मग वाटलं, दिवसभर हेडफोन लावून कानाला दडे बसले. लसणीचं तेल कोमट करून घातलं. फरक नाही. पारनेरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "कान लहान मुलासारखे स्वच्छ आहेत. राशिनकर, ऐकू येतं ना तुम्हाला?" हे त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टर माझ्याकडे वळून औषधाचं सांगायला लागले, तेव्हा हे म्हणाले, "येतं की."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

आम्हाला दूध आणि पाणी गोजरबाई आणून द्यायची. माळाच्या खाली त्यांचं शेत आणि घर. तोंडाची फटकळ, माझ्याच जातकुळीतली, म्हणून आमचं जमायचं. तिला सांगितलं तर म्हणाली, "उन्हाचा तडाखा बसलाया सायबाला, बाई. दिसभर त्या पत्र्याखाली बसत्यात. कांदा फोडून हुंगाया द्या."

"कांदा झाला. तेल झालं. गोजरबाई, हे मला ऐकतात, सगळं बरोबर सांगतात, फक्त उशिरा."

"मंग काय बिघडलं? आमचा मालक तर ऐकतच न्हाई."

मलाही तेव्हा तसंच वाटून घ्यायचं होतं. डाग सूर्याच्या दुसऱ्या कडेला सरकत गेला आणि एके दिवशी माझ्या कागदावरून उतरला. मी सुटकेचा श्वास टाकला.

पण सूर्य स्वतःभोवती फिरतो. जे मागे जातं ते सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत पुन्हा पुढे येतं. हे मला कुणी सांगायला नको होतं, मीच ते गिरवत होते.

४

चैत्रात तो परत आला, आणि काय सांगू, दुप्पट होऊन आला. उगवता सूर्य धुळीतून तांबडा दिसायचा तेव्हा तो नुसत्या डोळ्यांनाही दिसायचा. कागदावर त्याचा आकार पडला आणि माझा हात थांबला. क्षणभर वाटलं, काढूच नये. मग स्वतःवरच चिडले. मी काढला नाही म्हणून तो काय मागे फिरणार होता?

मी ह्यांना म्हटलं, "आठ दिवस ते हेडफोन लावायचे नाहीत. माझी शपथ आहे."

मी कणीक मळली, गोळे केले, पहिली पोळी तव्यावर टाकली, तेव्हा उत्तर आलं. "बरं."

एवढं ऐकलं, ह्याचंच मला कौतुक. दुपारी मुद्दाम ह्यांना घेऊन गोजरबाईच्या विहिरीवर गेले. यंत्रापासून लांब, तारांपासून लांब. चिंचेखाली बसलो. गोजरबाई मोटेच्या बैलांशी भांडत होती. हे उठून विहिरीच्या थारोळ्याकडे पाणी प्यायला निघाले, आणि चालता चालता थांबले.

एक पाऊल पुढे, टाच उचललेली. ओंजळ अर्धी वर.

मी धावले. दोन्ही दंड धरून हलवलं. पाण्यात हात बुडवून तोंडावर मारला. एक चिमणी ह्यांच्या पायाजवळ येऊन पाणी पिऊन गेली. वर उन्हात मला काही दिसत नव्हतं, सूर्य रोजच्यासारखा होता, पण मला कळलं की माळावरच्या खोलीत आत्ता खरखर थांबली असणार. यंत्राचा काही संबंधच नव्हता. एकदा उत्तर दिलं होतं, तेवढं पुरे होतं.

गोजरबाई आली, बघितलं, आणि बैलांना हाकायचा आसूड तिच्या हातातून गळून पडला. "आई गं," एवढंच म्हणाली. दोघींनी मिळून ह्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला. गुडघे वाकेनात.

मग पुष्कळ वेळानं टाच खाली टेकली, ओंजळ पुरती वर झाली, आणि हे पुढे जाऊन पाणी प्यायले.

"अहो, बोला माझ्याशी," मी म्हणाले. "काहीतरी बोला."

आम्ही विहिरीवरून निघालो, बांध ओलांडला, माळ चढलो. दाराचं कुलूप काढताना हे म्हणाले, "बोलतोय की. तूच गप्प असतेस. हल्ली किती उशिरा उत्तरं देतेस तू!"

५

मी उशिरा उत्तरं देत होते!

ते ऐकल्यावर मी चुलीपाशी बसून पदरानं तोंड दाबून रडले. ह्यांच्या बाजूनं बघा ना. हे बोलायचे, वाट बघायचे, आणि माझा आवाज कुठून तरी रखडत पोचायचा. म्हणजे आम्ही दोघं एका घरात नव्हतो. खुर्चीत बसलेला माणूस माझा होता, नखं वाढली तर मीच कापायची, पण बोलणारा फार लांब होता आणि जास्त जास्त लांब जात होता.

प्रकाशाला सूर्यापासून इथवर यायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. ह्यांचं उत्तर यायला किती लागतो, हेही रोज कळत होतं. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं नाही. मला ते बघायचंच नव्हतं.

माणसाला सवय कशाचीही होते म्हणतात ते अगदी खोटं नाही. मी तांदूळ निवडायला घेताना विचारायची, की भात उतरवताना उत्तर. मधल्या वेळात पुढचे दोन प्रश्न टाकून ठेवायची. कोणतं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, ते लक्षात ठेवायचं. एकदा मी विचारलं, वांगी आणू का? आणि त्याच्यामागून विचारलं, तुम्ही कुठं आहात?

पुष्कळ वेळानं म्हणाले, "आण." मग म्हणाले, "वाटेवर आहे."

"कसली वाट? काय आहे तिथं?"

त्या दिवशी मी सगळी भांडी घासून पालथी घातली. ओटा पुसला. सांजवात लावायची वेळ होत आली तेव्हा खुर्चीतून आवाज आला, शांत, नेहमीचा. "उजेड फार आहे. जमीन नाहीये नीटशी, पण चालता येतं. वाटेत लोक उभे आहेत."

माझ्या हातातली काडी विझली. "कोण लोक? ओळखीचे?"

ह्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत अंधार झाला. कंदिलाच्या उजेडात ह्यांचे ओठ हलले. "ओळखीचे नाहीत. चेहरे बघवत नाहीत उजेडामुळे. एकाला मी विचारलं, का थांबलात? तर म्हणाला, कुणी हाक मारली तर जाईन म्हणतो."

त्यानंतर मी तसले प्रश्न विचारायचं सोडलं.

पुण्याला तार केली की राशिनकर आजारी आहेत, बदली माणूस पाठवा. उत्तर आलं की पावसाळ्यानंतर बघू. नगरला माझा भाऊ होता, त्याच्याकडे न्यावं का? नेऊन काय होणार? विहिरीवर नेऊन पाहिलंच होतं. लांबच्या माणसाची खुर्ची हलवून तो जवळ येत नाही.

मग एका सकाळी, कोऱ्या सूर्यासमोर बसलेली असताना, मला वाटलं की आपण उलटाच विचार करतोय. हे दर वेळी बधिर झाल्यावरच लांब गेले. म्हणजे जाण्यायेण्याचं दार तेवढ्याच वेळात उघडतं. ज्या दारानं गेले त्याच दारानं आले तर येतील, दुसरं दारच नाही. शास्त्राला धरून होतं की वेडेपणा होता, मला ठाऊक नाही. माझ्याकडे एवढंच होतं.

आणि आजवर ज्या डागाला मी शिव्या घातल्या, त्याची मी वाट बघायला लागले. देवासमोर बसून मागायची, भडका उडू दे. असलं मागणं कुणी मागितलं असेल का कधी?

६

अक्षय्य तृतीयेनंतर तो कडेवर दिसला. आता तो विरत चालला होता. म्हणजे पुढच्या फेरीला येईलच ह्याचा भरवसा नाही. जे करायचं ते ह्याच पंधरवड्यात.

रोज सकाळी मी ह्यांना सांगून ठेवायची, "बधिर झालं की मी बोलेन. माझ्या आवाजाच्या रोखानं निघा. इकडंतिकडं बघू नका." आणि रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, ह्यांच्या खुर्चीशेजारी पाटावर बसून रेडिओची खरखर ऐकत राहायची. एवढ्या घाण आवाजाची सोबत मी कधी केली नव्हती. पाच-सहा दिवस काहीच झालं नाही. मी हताश झाले. डाग निम्म्याच्या पुढे सरकला.

त्या दिवशी सकाळी मी ह्यांच्यासमोर बसून हातात हात घेतले आणि विचारलं, "येणार ना हो परत? खरं सांगा."

त्याचं उत्तर यायचं होतं, आणि दुपारच्या आधीच खरखर तुटली.

सगळं गप्प. ह्यांचा चेहरा थिजला. मी उठून ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं, मग बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले. "अहो! अहो, ऐकलंत का? इकडे या! मी इथं आहे, या ना परत! अहो!" घसा फाटला. गोजरबाई दूध घेऊन दारात आली होती, ती तांब्या तसाच धरून उभी राहिली. "बाई, पुरे करा," म्हणाली, "जिवाला काय करून घ्याल." मी पुरे केलं नाही. माझा आवाज तिथवर जायला वेळ लागणार होता, म्हणून एक क्षणही खाली सोडायचा नव्हता. अहो, या ना. अहो, चला ना घरी.

बऱ्याच वेळानं खरखर परत आली.

"ओ," हे म्हणाले. "आलो."

माझी हाक अजून तोंडातच होती. मधे पोकळी नाही. काही नाही. मी घाबरत घाबरत विचारलं, "बरं वाटतंय?"

"अगदी."

"चहा टाकू?"

"टाक की."

मी खाली बसले आणि हसायला लागले. रडतही होते. गोजरबाई आत आली आणि तिनं तांब्या खाली ठेवून माझं डोकं तिच्या पोटाशी धरलं. "आलं की माघारी," ती म्हणाली. "लई आरडलीस गं माजी बाय."

७

त्या घरात आणखी एक दुपारही काढायची माझी तयारी नव्हती. मी ह्यांना म्हटलं, आजच्या आज नगरला भावाकडे जाऊ. वाटलं होतं, नोकरी, पुणे, परवानगी, काहीतरी अडवतील. नेहमी अडवायचे. तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाले, "चल." उठून मागच्या खोलीत गेले, बॅटऱ्यांच्या तारा काढून टाकल्या, हेडफोन टेबलावर ठेवले. खरखर कायमची बंद झाली. असा आनंद झाला मला!

गोजरबाईचा नवरा बैलगाडी जोडायला गेला, ती त्याच्यामागे गेली. मी ट्रंका भरायला घेतल्या. ह्यांना काही विचारलं की तिथल्या तिथं उत्तर. माझी लुगडी कुठं ठेवू? वरती. देव गुंडाळून घेऊ? घे. अंथरुणं? बांधलीत. मी मुद्दामच विचारत होते, ऐकायला बरं वाटायचं म्हणून. चहा उकळता दिला तो एका घोटात प्यायले. खोलीभर फिरून भिंती, फळ्या, खुंटीवरचा सदरा, सगळं हात लावून बघत होते, आणि माझ्याकडे बघून हसत होते. इतक्या दिवसांनी हसले म्हणून मीही हसले.

मागच्या खोलीत कंदील राहिला होता, तो आणायला गेले.

टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. तारा तर काढलेल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर त्या लोंबत होत्या. मी हेडफोन कानाशी धरले.

"...येणार म्हणजे काय, येतोच आहे," हे म्हणाले. ह्यांचा आवाज. सकाळी हात धरून विचारलं होतं, त्याचं उत्तर. चालता चालता दमल्यासारखे बोलत होते. "तुझा आवाज लागतोय आता. त्याच धोरणानं निघालोय."

मी टेबलाला धरून उभी राहिले. पुढच्या खोलीत ट्रंकेचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"अगं, पण केवढ्यानं ओरडतेस," हे हेडफोनमधून म्हणाले, आणि मला वाटतं हसलेसुद्धा. "आणि नुसतं अहो, अहो काय! अहो कुणीही असतो. इथं माझ्यापुढे एकजण उभा होता, त्याला वाटलं त्यालाच बोलावलं. 'ओ' म्हणून धावत सुटला. मला धक्का मारून गेला. मी सांगत होतो, थांबा, ती माझी बायको आहे. पण त्याला काय ऐकू येणार?" मग काळजीनं, "नावानं हाक मार ना गं. लाजू नकोस. तिथं कोण आहे ऐकायला?"

ह्यांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर सासरी, माहेरी, एकटी असतानाही मी कधी ते तोंडातून काढलं नव्हतं. काढायचं नसतं. हाक मारायला अहो पुरतं, घरात दुसरं कोण असतं? मला तेव्हा ब्रह्मांड आठवलं. माझ्याच तोंडानं, घसा फोडून, मी सरसकट हाक दिली होती.

पुढच्या खोलीतली पावलं थांबली होती. मागे वळून बघायचं मला धैर्य नव्हतं. माझी हाक तिथवर जायची, तिथून उत्तर यायचं, म्हणजे भात शिजून उतरायचीही वेळ टळून जाईल, हे मला पाठ होतं. तेवढा वेळ मी इथंच उभी राहणार होते. कुणी हाताला धरून ओढलं तरी.

मी डोळे मिटले, हेडफोन तोंडाशी घेतले आणि जीव एकवटून हाक मारली, "नृसिंह!"

"ओ," पाठीमागून उत्तर आलं. लगेच.